खुंटाच्या जागी खांब

फुलमळा, अंथुर्णे शिवार, ता. इंदापूर
२१ ऑक्टोबर १९५६

प्रिय बिरू,

दसऱ्याला तू आला नाहीस. आमच्या आबांनी तुझ्या वाट्याचं सोनं देवळीत ठेवलंय आणि येता-जाता विचारतात, "सायेब झाला का रं आपला धनगर?" मी सांगतो, साहेब नाही झाला, वीज खात्याचे नकाशे काढतो, पण साहेबाची सही पडते ती आपल्या बिरूच्या रेघेखाली. म्हातारा खूश होतो. बारामतीच्या शाळेत आपण एका खोलीत राहिलो, माझी गणितं तू सोडवलीस आणि तुझी भाकरी आमच्या घरून आली, हे त्यांना अजून रोज आठवतं.

आता कामाचं. वीज येते आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत आपल्या बाजूची काही गावं घेणार आहेत. अट एकच: किमान चाळीस घरांनी 'आम्ही दिवा घेऊ' असं लिहून द्यायचं. फुलमळ्यात आम्हा माळ्यांची घरं एकोणतीस. कमी पडतात अकरा. आणि देवाची करणी बघ, आमच्या डोक्यावर माळावर तुमची बिरोबाची वस्ती बसलीय, उंबरे बारा.

परवा शाईची डबी घेऊन वस्तीवर गेलो. दिवाळी झाली की तुमची माणसं मेंढरं घेऊन निघणार, म्हणून घाई. तुझी आई म्हणाली, "अंगठा कशाला?" म्हटलं, बानूमावशी, दिव्यासाठी. तर म्हणते, "आमच्यात दिवा टांगनार कुठं, मेंढ्याच्या शिंगाला?" सगळी वस्ती हसली. मग नकोशी मागावरून उठून आली. हाताला घोंगडीची खळ लागलेली, त्यामुळं अंगठा उमटेना. पुन्हा हात धुऊन आली आणि पुन्हा उमटवला. तुमच्या घरचा तो पहिला अंगठा. मग बाकीचे अकरा आपोआप आले.

कागद आता तुमच्या कचेरीत येईल. तो कुणाच्या गठ्ठ्याखाली दबू देऊ नकोस. तार आधी तुझ्या वस्तीवर जाईल, मग पुढं काय ते. हा मोहनचा शब्द.

तुझा,
मोहन

•

पुणे
२७ ऑक्टोबर १९५६

प्रिय मोहन,

कागद आला आणि गठ्ठ्याच्या वरही आला. मीच ठेवला.

तुला माळावरची ती शिळा आठवते? शाळेच्या सुटीत तिच्यावर बसून आपण साखर कारखान्याचे दिवे मोजायचो. वीस वर्षं आपण ते लांबून पाहत आलो. कारखान्याच्या गोदामाला दिवा होता, तिथल्या गाढवांच्या तबेल्याला दिवा होता. ज्यांच्या हातांनी ऊस लावला त्यांच्या घरात चिमणी. मी तेव्हाच म्हणालो होतो की उजेड ही कुणाच्या बापाची मिळकत नाही. जमीन वाटता येत नसेल, पाणी वाटताना डोकी फुटत असतील. पण एका तारेवर माळ्याचं घर आणि धनगराचं घर शेजारी उजळलं, तर त्या दोन उजेडांत जात कुठली ते दाखवायला कोणत्याही शास्त्र्यानं यावं.

आता माझ्या घरचं सांगतो. नकोशी चौथी मुलगी. आधीच्या तिघी गेल्या, तरी आईबापांना चौथी नकोच होती, म्हणून ते नाव. तिच्या पाठीवर मी झालो आणि नवस फेडला गेला. नवऱ्यानं टाकल्यावर ती परत आली आणि मागाच्या खड्ड्यात उतरली ती आजवर बाहेर आलेली नाही. आम्ही खुटेकर धनगर. अर्धं घर मेंढरांमागं, अर्धं मागावर. माझी वह्या-पुस्तकं तिच्या घोंगड्यांतून आली. ती खोली भर दुपारी काळोखी असते. तुटलेला धागा तिला डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी चाचपून सापडतो. डोळे जाताहेत, मोहन.

मी तिला वचन दिलंय: मागावर दिवा टांगेन, आणि तो लागेल त्या दिवशी तुझं नाव बदलेन. नवं नाव मी ठरवलंय. तिलाही सांगितलेलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेव. दिवाळीनंतर अकरा घरं बाहेर पडतील. आमच्यात दाराला कुलूप नसतं. बाभळीची काटी लावतात. काटी म्हणजे 'घर आमचं आहे, पावसाला येतो.' मोजणीला येणारा माणूस शहरातला असेल, त्याला ते ओसाड वाटेल. तू त्याच्याबरोबर राहा आणि तोंडानं सांग. एवढं एकच काम तुझं. बाकी सगळं मी बघतो.

तुझा,
बिरू

•

बिरोबाची वस्ती
१८ फेब्रुवारी १९५७

चिरंजीव बिरूस आयेचा आशीर्वाद. लिवनार रामहरी मास्तर. मी बोलते तसंच लिवा, मदी शानपन घालू नगा, असं मी त्यास्नी बजावलंय.

आमी मायलेकी बऱ्या हाय. बाकी वस्ती मेंढरामागं गेली. हितं लोखंडी खांब आलं. बैलगाड्यांवर घालून आनलं, रेल्वेच्या रुळावानी. आपल्या दारात पाच रोवलं. त्यातला एक कुठं रोवला ठावं हाय का? आपला खुंट उपटून त्याच्या जागी. तुज्या आज्ज्यानं रोवलेला खुंट, ज्याला तीन पिढ्या घोंगडीचा ताना बांधत आलो. म्या म्हनलं, बाबांनो, त्यो आमच्या पोटाचा खुंट हाय. मुकादम म्हनला, "म्हातारे, माळाला निस्ता मुरूम हाय, हितं खड्डा आयता हाय." तारंखाली येती म्हनून बाभळ बी तोडली, न्हाईतर तिला बांधला आसता.

मोजनीचा सायेब येऊन गेला. चांगला व्हता, पानी मागून प्याला. घरंघर फिरला, काटी बघितली, वहीत लिवलं. मोहनराव त्याच्यासंगं व्हते. काय बोलले न्हाईत. मला बघून हसले मातर.

आता ताना कुठं बांधू? दुसरीकडं खुंट रोवावा तर पहार आत जात न्हाय. खांबाला बांध म्हनते तर नकोशी जवळ जात न्हाय. माळ्याचा दत्तोबा म्हनतो, असा खांब रोवला की एक जीव मागतो. ती तवापासून लांबनं जाती. म्या तिला म्हनलं, तुजा जीव कोन मागतंय, तुला तर आमीच नगं म्हनलं व्हतं. हसली. पन जवळ गेली न्हाय.

तू शिकलास. काय करू ते लिव.

आये

•

पुणे
२५ फेब्रुवारी १९५७

आये, पाया पडतो.

मास्तर, हे पत्र दोनदा वाचा. नकोशीला समोर बसवून वाचा.

आये, दत्तोबाला सांग, खांब जीव मागत नाही. जीव मागतो तो अंधार. अंधारात विंचू चावतो, अंधारात बाळंतीण जाते, अंधारात नकोशीचे डोळे जाताहेत. माणसानं पूल बांधला तेव्हा लोक म्हणाले बळी हवा. आगगाडी आली तेव्हा म्हणाले बळी हवा. आज तेच लोक भिगवणला गाडीत खिडकीच्या जागेसाठी भांडतात. भीती विकणाऱ्यांचा धंदा जुना आहे, आपण गिऱ्हाईक व्हायचं नाही.

आता नीट ऐक. वीज जाते ती वरच्या तारेतून. तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीचा पेला असतो, त्यातून वीज खाली येत नाही. खांब म्हणजे नुसतं लोखंड, तुझ्या तव्यासारखं. आणि समज, पेला फुटला आणि वीज खांबात उतरली. तरी प्रत्येक खांबाच्या बुडाला एक तार बांधून ती जमिनीत मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेली असते. ती तार विजेला पाताळात घेऊन जाते. त्या पाच खांबांच्या पाच तारांची रेघ मी माझ्या हातानं कागदावर काढलीय.

तेव्हा आपला खुंट गेला म्हणून रडू नको. सरकारनं तुला लोखंडी खुंट दिला असं समज. त्याला ताणा बांध. आत्ता बांध, आणि वर वीज खेळत असली तरी खुशाल बांध. नकोशी, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या भीतीनं जगलीस. नवऱ्याला भ्यालीस, भावकीला भ्यालीस. आता लोखंडाला भिऊ नको. तुझा भाऊ लिहितोय.

तुझा,
बिरू

•

फुलमळा
६ मे १९५७

प्रिय बिरू,

अखितीला फुलमळ्यात दिवे लागले! आबांनी बटण दाबलं आणि "पांडुरंगा" म्हणून मटकन खाली बसले. रंगूकाकूनं दिव्याला ओवाळायला तबक आणलं, तर वात विजेच्या झोताखाली दिसेचना. बायका हसून हसून लोळल्या. मी चार शब्द बोललो. तुझेच चोरले, 'उजेड ही कुणाच्या बापाची मिळकत नाही.' टाळ्या पडल्या.

माझ्या विहिरीवर मोटार बसली. इंजिनाची कटकट गेली. पेरूच्या बागेला आता मनात येईल तेव्हा पाणी. तार वस्तीवरून पुढं माझ्या विहिरीपर्यंत आणून घेतली. ठेकेदार चांगला माणूस निघाला.

वस्तीचं थोडं राहिलंय. मोजणीच्या साहेबानं बारापैकी अकरा घरांपुढं 'ओस' असं लिहिलं. काट्या बघून त्याचा समज झाला आणि त्या गडबडीत मला सांगायला जमलं नाही. बानूमावशीचं एक घर उरलं. एका घरासाठी जोडणी देत नाहीत म्हणे. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या खेपेला करू. धनगरांना काय घाई आहे? वर्षातले आठ महिने त्यांच्या डोक्यावर आभाळच असतं. तोवर मावशी दारात बसून तारेची गुणगुण ऐकते. फुकटचं भजन.

नकोशी आता खांबाला ताणा बांधत नाही. मार्चात दोनदा बांधला, पण वीज चालू झाल्यापासून पुन्हा भ्याली. तुझी ती पत्रातली व्याख्यानं वाया गेली बघ.

पेरूची करंडी धाडतो.

तुझा,
मोहन

•

पुणे
४ जून १९५७

मोहन,

पेरू परत पाठवतो आहे.

पुऱ्या झालेल्या कामाचा नकाशा आज माझ्या टेबलावर आला. मला तो शाईनं उतरवून द्यायचा होता. मी अर्ध्यात थांबलो. मंजूर नकाशात तार वस्तीवर संपते. पुऱ्या कामात ती वस्ती ओलांडून नऊ खांब पुढं, तुझ्या विहिरीवर संपते. सामानाची यादी मात्र जुनीच आहे. एक हातभर तार जास्त नाही, एक पेला जास्त नाही.

चाळीस घरं व्हावीत म्हणून आमची बारा घरं जिवंत होती. चाळीस झाली आणि ती ओस पडली. साहेब काटी बघून फसला. तू फसला नाहीस. तुला मी काटीचा अर्थ लिहून कळवला होता, आणि लिहिला नसता तरी तू त्या माळावर लहानाचा मोठा झालास. लढाईत शत्रू मुडदे पाडतो. तू जिवंत माणसांचे अंगठे घेतलेस आणि मग ती माणसंच नाहीत असं गप्प राहून सांगितलंस.

पण ते भांडण नंतर. आधी हे वाच आणि उठ.

नऊ खांबांची तार आकाशातून पडली नाही. वस्तीच्या घरांसाठी आलेली तार आणि तिथल्या पाच खांबांच्या बुडाची जस्ती तारही काढून पुढं ओढली असेल, आणि तिथले चांगले पेले काढून फुटके बसवले असतील, तर ते पाच खांब खांब नव्हेत, साप आहेत. मी आईला लिहिलंय की खांबाला ताणा बांध. माझ्या हातानं लिहिलंय. आता तिला दुसरं पत्र लिहावं तर वाचणारा नाही. रामहरी मास्तर सुटीत कऱ्हाटीला गावी गेलेत. म्हणून तुलाच लिहितो. तुझ्याखेरीज आज मला त्या माळावर हात नाही.

हे पत्र मिळेल त्या घडीला वस्तीवर जा. आईला सांग, खांबाला हात लावायचा नाही, ताणा बांधायचा नाही. आणि फुलमळ्यातून वस्तीकडं जाणाऱ्या तारेचा खटका पाडून वीज बंद करून घे, तुझी मोटार थांबली तरी थांबू दे. शनिवारी कचेरी अर्धी असते. दुपारच्या गाडीनं निघतो, रविवारी सकाळी पोहोचतो.

बिरू

•

फुलमळा
२२ जून १९५७

प्रिय बिरू,

तू रविवारी आलास तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हतास. नकोशीला माती देऊन झाली होती, आणि तू चारचौघांत माझी गचांडी धरलीस. मी मनात ठेवलं नाही. आबांनाही ठेवू दिलं नाही. तू हातांनी खांबाचं बूड उकरत होतास ते मात्र बघवलं नाही. नखं फुटली होती तुझी.

तुझं पत्र मला उशिरा मिळालं. बाजारात होतो, मग पाहुणे. नाहीतर गेलो नसतो का?

झालं ते असं. मृगाचा पाऊस यायच्या आत ताणा वाळवून घ्यायचा म्हणून शनिवारी सकाळी दोघींनी तो ताणला. एक टोक पलीकडच्या उरलेल्या लाकडी खुंटाला, दुसऱ्या टोकाची सळई खांबाला. नकोशी ओल्या हातानं कुंच्यानं खळ फिरवत होती, पायाखाली खळीचा चिखल. बानूमावशीला वाटलं, ती ताण्यावर ओणवी होऊन धागा शोधतेय. बराच वेळ तसंच वाटत राहिलं.

आता पुढचं शांतपणे वाच. पुण्याहून चौकशीचा अधिकारी यायचा आहे. दोन वाटा आहेत.

एक वाट: खांबाच्या बुडाची तार कुठं गेली ते निघेल. ठेकेदार अडकेल, मी अडकेन. तार बेकायदा म्हणून तोडतील. माझी बाग जाईल, आणि वस्तीवर पुढची पंचवीस वर्षं कुणी खांब आणणार नाही. आणि तूही अडकशील. तुझं फेब्रुवारीतलं पत्र मास्तरांच्या कपाटात होतं, ते मी मागून घेतलंय. 'वर वीज खेळत असली तरी खुशाल बांध.' खात्याच्या नोकराचं अक्षर, खाली सही. अधिकारी पहिला प्रश्न विचारेल तो तुला. मी धमकी देत नाही, तुझा मित्र म्हणून सावध करतो.

दुसरी वाट: घरच्यांनी लिहून द्यायचं की मयत बाईनं खात्याला न विचारता, कुणाचं न ऐकता, खांबाला ओली वस्तू बांधली. बस. प्रकरण मिटलं. ठेकेदार घाबरलाय, तो खांब पुन्हा नीट करून देईल, आणि पंधरा ऑगस्टच्या आत बाराही घरांना दिवे. 'ओस' खोडून मी स्वतः 'वस्ती भरलेली' असं लिहवून आणतो. जबाब आईचा चालला असता, पण तुझ्या सहीला वजन आहे. तू भाऊ, आणि खात्यातला.

आपल्या दोघांत म्हणून बोलतो. आईबापांनीच जिचं नाव तसं ठेवलं, तिच्यापायी बारा घरं अंधारात ठेवायची का? तिला तरी हे आवडलं असतं का? ती भली होती. पहिला अंगठा तिचाच होता.

तुझा,
मोहन

•

पुणे
२९ जून १९५७

मोहनराव,

सही केलेला कागद सोबत आहे.

माझं पत्र उशिरा मिळालं म्हणता. टपालवाला सिद्धू मला वाटेत भेटला होता. गुरुवारी, सहा तारखेला, बांधावर त्यानं ते तुमच्या हातात दिलं. तुम्ही उभ्यानं वाचलंत, घडी घातलीत आणि खिशात ठेवलंत. त्याच बांधावरून आमची वस्ती दिसते. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण हाक मारायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मोटार बंद करावी लागली असती. पेरूला पाणी चालू होतं. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, आणि शनिवारची सकाळ: अडीच दिवस पेरूला पाणी दिलंत तुम्ही.

हे सगळं ठाऊक असून मी सही केली. मला तुमच्या क्षमेची भाषा नको आणि मैत्रीची तर नकोच. बारा घरं आहेत. त्यांत पोरं आहेत, आणि उद्या त्यांतल्या एकानं दिव्याखाली बसून असं काही शिकावं की त्याला तुमच्यासारख्यांच्या दारची भाकरी खावी लागू नये. मेलेली बहीण परत येत नाही आणि आलेला खांब परत गेला तर येत नाही. मी हिशेब असा मांडला.

मांडला खरा. पण ह्या सहीत बारा घरांचा विचार किती आणि तुमच्या हाती असलेल्या माझ्या पत्राची भीती किती, हे मला सांगता येत नाही. नकोशीला मी लिहिलं होतं, लोखंडाला भिऊ नको. मी कागदाला भ्यालो.

माझं ते पत्र जाळा. दिवे पंधरा ऑगस्टच्या आत लागले पाहिजेत.

बिरदेव

•

बिरोबाची वस्ती
२० ऑगस्ट १९५७

चिरंजीव बिरूस आयेचा आशीर्वाद. लिवनार रामहरी मास्तर. रडू नगा, लिवा, असं मी त्यास्नी म्हनले.

वस्तीवर दिवं लागलं. झेंड्याच्या दिशी लागलं. पोरं उजेडात नाचली, मेंढरं बुजली. मोहनरावानं पेढं वाटलं, भाशन केलं, नकोशीचं नाव घेऊन डोळं पुसलं. आता बाया तिला ह्या वस्तीची सती म्हनत्यात. खांबाला हळद-कुकू लावत्यात, नारळ फोडत्यात. नकोशीचा खांब म्हनत्यात त्याला. दत्तोबा म्हनला, "म्या सांगितलं व्हतं का न्हाय? एक जीव मागतो. घेतला, अन् दिवा दिला." आता समद्यास्नी त्याचं पटतंय.

चौकशीचा सायेब आला व्हता. त्यानं कागद वाचून दावला अन् माजा बी अंगठा घेतला. म्या इचारलं, वर कुनाची सई हाय? म्हनला, तुमच्या लेकाची. म्हनून मी अंगठा दिला. त्यात लिवलं व्हतं, नकोशीनं कुनाचं ऐकलं न्हाय.

बिरू, तिनं ऐकलं रं. त्या दिशी ती म्हनत व्हती, "आये, खांब गुनगुनतोय, आपन ताना अंगनातच हातावर धरू." म्या म्हनलं, दोन बायांनी चौदा हात ताना धरला तर खळ कोन लावनार? बाभळ तर तोडली. मास्तर गावाला गेलेलं, पन तुजं पत्र मला पाठ व्हतं. म्या तिला समदं म्हनून दावलं. वर वीज खेळत आसली तरी खुशाल बांध. नकोशी, लोखंडाला भिऊ नगं. तुजा भाऊ लिवतोय. मग तिनं पदर खवला, सळई उचलली अन् बांधली. तिनं तुजंच ऐकलं. पन तू कागदावर सई केलीस तवा तसं नसंल. तू शिकलेला. चूक तिचीच आसंल.

तिचं नाव बदलनार व्हतास म्हनं. मास्तर म्हनत्यात, कागदावर 'नकोशी' असंच हाय.

आपल्या घरात बी दिवा लावला. मागाच्या खड्ड्यावर टांगलाय. लई उजेड पडतो. खड्ड्यात तिचा कुंचा हाय, खळीचं भांडं हाय, अर्धी घोंगडी हाय. काळ्या धाग्यात एक पांढरा धागा चुकून आलाय, त्यो बी दिसतो. तारकरी बटन दाबून गेला, तवापास्नं दिवा पेटलेलाच हाय. रातीबी, दिसाबी. माजा हात बटनाला जात न्हाय. शेजारच्या कुनाचा बी जात न्हाय. म्हनून म्या दाराला काटी लावली अन् मेंढरांच्या वाड्यात ऱ्हाते. काटीच्या फटीतनं उजेड भाईर येतो.

मोहनरावांनी तुजं जुनं पत्र मला आनून दिलं. जाळा म्हनलास म्हनं, पन त्यांचं मन झालं न्हाय, तुज्या आईची ठेव हाय म्हनले. म्या ते देवापाशी ठेवलंय. मला वाचता येत न्हाय, पन कुठल्या वळीत काय हाय ते बोटानं दावता येतं.

आता पत्र धाडू नगंस, लेकरा. मास्तर वाचून दावत्यात, अन् तू लिवलेलं आमी खरं मानतो.

आये बानूबाई
हिचा डाव्या हाताचा अंगठा